झाकणावर ठेवलेलं पान

बोटीवर दोन खुर्च्या होत्या. दोन वल्ही. दोन बॅटऱ्या. मागे एक मोठं इंजिन, पुढच्या टोकाला पायाने चालवायची छोटी विजेची मोटर. सुकाणूजवळ पाण्याखालचे मासे दाखवणारा एक पडदा. मधोमध, डेकच्या खाली, पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी. त्या टाकीत हवा सोडणारा एक पंप आणि वर एक सपाट झाकण.

लाइफ जॅकेट मात्र एकच होतं.

हे सगळं शामकांतने बोट घेतली त्या दिवशी स्वतः मोजलं होतं. शामकांत माझा सख्खा मामा. जे घडलं ते मी त्याच्याकडून ऐकलं आहे, मामीकडून वेगळं ऐकलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात मला कुठे फरक सापडलेला नाही. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नये. माझाही आधी नव्हता.

अशा गोष्टीला अमावस्येची रात्र लागते म्हणतात. इथे अमावस्या आहे, रात्र नाही. शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६. सर्वपित्री. भर दुपार. सिंगापूर, सेम्बावांगचा किनारा.

आता मी बाजूला होते. पुढची गोष्ट शामकांतची.

तो मरीन इंजिनिअर. अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. त्या वर्षी जानेवारीत त्याने सेम्बावांगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात किनाऱ्यावरची नोकरी धरली. जवळच अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बायको अरुणा, मुलगी निहारिका. निहारिका आठ वर्षांची. आईशी मराठीत भांडायची, बाकी सगळं इंग्रजीत.

शामकांतचं लहानपण अलिबागजवळच्या नागावचं. खाडीत गळ टाकून बसण्यात गेलेलं. शनिवार-रविवार हाताशी आले तसं त्याच्या डोक्यात बोटीचं खूळ शिरलं.

आणि त्याला डेस्मंडची बोट दिसली.

डेस्मंड क्वेक हा मासेमारीच्या स्पर्धांमधला खेळाडू. तेच त्याचं पोट. शर्टावर कंपन्यांची नावं, मासिकांत फोटो. बोट बुटकी, सपाट, अमेरिकन बनावटीची, चमचमत्या लाल रंगाची. उभं राहून गळ फेकता यावा म्हणून पुढून-मागून मोकळी. डेस्मंड ती ट्रेलरवर घालून मलेशियातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर न्यायचा आणि बक्षिसं घेऊन परत यायचा.

खेळाचे नियम त्याने शामकांतला मोठ्या हौसेने समजावले. एका बोटीत दोघांची जोडी. मोठ्यात मोठे पाच मासे. ठरल्या वेळेच्या आत वजनकाट्यावर हजर व्हायचं, मिनिटभर उशीर झाला तरी बाद. आणि मासे जिवंत हवेत. मेलेला मासा म्हणजे गुण कापले. म्हणून तर ही टाकी, हा पंप.

बोलताना तो बोटी पाण्यात सोडायच्या सिमेंटच्या उतारावर उभा होता. प्रत्येक वस्तू त्याने तिथूनच, हात करून दाखवली.

शामकांतने त्याला बोटीवर बोलावलं.

"नो नीड लाह," डेस्मंड सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "तू इंजिनिअर आहेस. तूच बघ."

दुसरं जॅकेट कुठे आहे, असं शामकांतने विचारलं.

हरवलं, म्हणाला.

तेवढ्यात निहारिका टुणकन उडी मारून बोटीत शिरली आणि डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची गोल फिरत होती, तिला गंमत वाटली. डेस्मंड तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने घाईघाईने किल्ली शामकांतच्या हातात दिली.

किमतीवर घासाघीस झालीच नाही. ऑगस्टचा शेवट होता, चिनी लोकांचा सातवा, भुताखेतांचा महिना. शेजारच्या मिसेस टॅननी अरुणाला सांगितलं की या महिन्यात आमच्यात कोणी एवढं मोठं काही घेत नाही आणि विकतही नाही. शामकांत हसला.

"म्हणूनच तर स्वस्तात मिळाली."

पहिले काही रविवार तो सेम्बावांगच्या खाडीत फिरला. पलीकडे मलेशियातल्या जोहोरचा किनारा, मधे संथ पाणी. निहारिका कायम डाव्या खुर्चीत.

मासे मिळाले नाहीत.

आजूबाजूच्या होड्यांना मिळत होते. यांच्या पडद्यावर मात्र एकही मासा दिसत नव्हता. दिसायची ती एक जाड, काळी रेघ. बोटीच्या अगदी खाली. समुद्राचा तळ चार मीटरवरून बारा मीटरवर गेला तरी ती रेघ दोन मीटरवरच...

बोटीबरोबर यायची. बोट थांबली की थांबायची.

इंजिनिअर माणूस. त्याने पडद्याला जोडलेला भाग काढून साफ केला, वायरी बदलल्या. रेघ होतीच.

मग पंप.

एका दुपारी तो बोट धूत होता. दोन्ही बॅटऱ्या काढून बाजूला ठेवलेल्या. आणि त्याला ऐकू आलं...

घुर्रर्र.

टाकीतला पंप चालू होता.

त्याने झाकणावर तळहात ठेवला. झाकण थरथरत होतं. त्याने ते उघडलं, आणि आवाज बंद.

टाकीच्या तळाशी पाणी होतं. ओंजळभर. त्याला समुद्राचा वास नव्हता. कुजक्या पानांचा, गाळाचा वास होता. त्याने करंगळी बुडवून जिभेला लावली.

गोडं पाणी.

गेल्या वेळचं कुठेतरी अडकून राहिलं असेल, असं त्याने ठरवलं, टाकी पुसली, झाकण लावलं. घाबरायचं त्याला सुचलंच नाही. बिघाड म्हटला की त्याला कारण असणार, एवढंच त्याला ठाऊक.

मग पितृपक्ष आला.

शामकांतचे वडील, नाना, आदल्या वर्षी गेले तेव्हा तो पॅसिफिकच्या मधोमध होता. अग्नी धाकट्या भावाने दिला. तो घरी पोचला तेव्हा तेरावंही उलटलं होतं. शेवटी नाना काहीतरी सांगू बघत होते, पण शब्द कळले नाहीत, असं भाऊ म्हणाला होता. ते शामकांतच्या मनात रुतून बसलं होतं.

म्हणून सर्वपित्रीला पान ठेवायचं होतं. कावळ्याने शिवलेलं डोळ्यांनी बघायचं होतं.

सेम्बावांगला कावळ्यांची कमी नव्हती, पण अकराव्या मजल्याच्या खिडकीत भात ठेवायची सोय नव्हती. शेजाऱ्यांनी कावळ्यांबद्दल टाउन कौन्सिलकडे तक्रारी केलेल्या. यार्डात कुत्री. शामकांतने बोट निवडली. जेटीला बांधायची, शांतपणे पान ठेवायचं, लांब बसायचं.

अरुणाला ते पटलं नाही. सकाळपासून तिने उडदाचे वडे, खीर, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी असं सगळं साग्रसंगीत केलं होतं. लिटिल इंडियातून केळीचं पान आणलं होतं.

"अहो, जमिनीवर ठेवा की. वापरलेली बोट ती. आधी कोणाकोणाच्या हातात होती, आपल्याला काय माहीत."

"अगं, मुंग्या येतात. बोट स्वच्छ आहे."

बोटीवर सपाट जागा एकच होती. टाकीचं झाकण. पान त्याने त्यावर ठेवलं.

निहारिका नेहमीप्रमाणे डाव्या खुर्चीत, पाय हलवत.

कावळे आले. जेटीच्या कठड्यावर बसले, झाडांवर बसले. एक-दोन बोटीच्या काठावर उतरले.

पानाला कोणी शिवेना.

शामकांतच्या लक्षात आलं की ते भाताकडे बघतच नाहीत. माना वाकड्या करून ते पानाच्या खाली बघतायत.

झाकणाकडे...

ऊन चढलं. खिरीवर साय धरली. शामकांत हात जोडून उभा राहिला, आणि असं झालं की आपल्याकडे जे करतात ते त्याने केलं. एकेक कबूल करायला लागला.

"नाना, आईला मी इकडे घेऊन येतो."

कावळे हलले नाहीत.

"बागेची वाटणी मागणार नाही. धाकट्यालाच राहू दे सगळी."

नाही.

"निहारिकाला दर वर्षी गावाला आणीन. मराठी लिहायला शिकवीन."

एक कावळा उडून गेला.

शामकांतचा धीर सुटला. नानांचं नक्की काय राहिलंय ते त्याला कळेना, आणि ते कळल्याशिवाय घरी जाण्याची त्याची तयारी नव्हती. तेव्हा त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"ज्याचं जे राहिलं असेल ते मी पुरं करीन. शब्द देतो."

घुर्रर्र...

पानाखाली पंप सुरू झाला.

सगळे कावळे एकदम उडाले. एक सोडून. तो झाकणावर उतरला, भाताचा घास उचलला आणि आवाज न करता निघून गेला.

शामकांतच्या डोळ्यांना धार लागली. छातीवरचा दगड उतरला होता. निहारिकाने खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

"बाबा, हू डिड यू प्रॉमिस?"

"आजोबांना, बाळा."

तिने मान हलवली.

"नॉट आजोबा, लाह."

पुढच्या आठवड्यात ते सुरू झालं.

निहारिका टीव्ही बघत होती. अरुणाने तिला दोनदा हाक मारली, उत्तर नाही. जवळ जाऊन बघते तर पोरीचे गाल फुगलेले, डोळे टीव्हीवर, आणि श्वास बंद. अरुणाने हलवलं तेव्हा कुठे तिने तो सोडला. खेळ असेल म्हणून अरुणा दोन शब्द रागावली.

मग ती एमआरटीच्या ट्रेनमध्ये तसं करू लागली. जेवताना. शाळेतून फोन आला, वर्गातही करते म्हणून. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला. फुफ्फुसं उत्तम, म्हणाले. लक्ष वेधून घ्यायला मुलं असं करतात.

शामकांतने घड्याळ लावून बघायला सुरुवात केली. आधी मिनिटभर. मग दीड. मग दोन.

दर दिवशी थोडं जास्त.

"कशासाठी करतेस हे?" त्याने विचारलं.

"अंकल सेज मस्ट प्रॅक्टिस."

"कोण अंकल?"

"द वन अंडर माय चेअर."

अरुणाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

शामकांतने आवाज शांत ठेवला. अंकल अजून काय म्हणतात, असं विचारलं. निहारिका सहज बोलत होती, वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल बोलावं तशी.

"ही सेज यू प्रॉमिस ऑलरेडी. ब्रिंग हिज फ्रेंड."

"आणि नाही आणला तर?"



तिने श्वास आत घेतला... आणि थांबली.

दोन मिनिटं झाली. अडीच. शामकांतने तिचे खांदे धरून हलवलं. तीन. ओठ निळे पडायला लागले. अरुणा तिच्या पाठीत धपाटे घालत होती, नाव घेऊन हाका मारत होती. साडेतीन मिनिटांवर पोरीला जोराचा ठसका लागला आणि तिच्या तोंडातून काहीतरी फरशीवर पडलं.

कुजलेल्या, काळ्या पानाचा ओला तुकडा.

बोट विकून टाका, जाळून टाका, अरुणा म्हणत होती. शामकांतने एक गिऱ्हाईक बोलावलंही. माणूस बोट बघायला उतारावर आला, त्याच वेळी शाळेत निहारिका बाकावरून खाली कोसळली. त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं.

शब्द त्याने दिला होता. शब्दाबरोबर गहाण काय पडलं आहे ते आता त्याला कळलं होतं. ज्याचा मित्र आणायचा तो माणूस कोण, एवढंच कळायचं होतं.

पुढच्या शनिवारी तो दोघींना घेऊन डेस्मंडच्या दुकानात गेला.

स्पर्धांच्या जोडीला डेस्मंडचं गळ-दोऱ्यांचं दुकानही होतं. भिंतीवर ओळीने फोटो. प्रत्येकात डेस्मंड, हातात मासे. बोटीचं नाव काढताच त्याचा चेहरा बंद झाला. विकली म्हणजे विकली, आता त्याचा संबंध नाही, असं तो गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्या गोड आवाजात सांगू लागला.

निहारिका एका फोटोसमोर उभी होती. सगळ्यात मोठा चषक असलेला. तिने मान वळवली.

"अंकल इज आस्किंग यू," ती डेस्मंडला म्हणाली. "द फाइव्ह फिश. ऑल स्टिल अलाइव्ह ऑर नॉट?"

डेस्मंड खाली बसला. मागे स्टूल आहे की नाही ते न बघता बसला.

मग त्याने सांगितलं.

त्याच्या जोडीदाराचं नाव वाह सेंग. आठ वर्षं दोघं एका बोटीत. उजव्या खुर्चीत डेस्मंड, डावीत वाह सेंग. आदल्या वर्षी मलेशियातल्या एका धरणाच्या तळ्यावर मोठी स्पर्धा होती. त्या तळ्यात जंगल बुडालेलं, पाण्यातून झाडांचे वाळके बुंधे वर आलेले. शेवटच्या दिवशी टाकीत पाच मासे होते. असे मासे त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते. परत फिरताना बोट एका बुडालेल्या फांदीवर आदळली आणि वाह सेंग पाण्यात पडला.

त्याच्या अंगात जॅकेट होतं. तो तरंगत होता. त्याने एक बुंधा धरला आणि हात वर केला.

बोट वळवून बुंध्यांमधून त्याच्यापर्यंत जायला दहा-बारा मिनिटं लागली असती. वजनकाटा चार वाजता बंद होणार होता.

"ही हॅड द जॅकेट," डेस्मंड म्हणाला. "आय थॉट, ही कॅन फ्लोट. वजन करतो आणि लगेच परत येतो."

चषक घेऊन, फोटो काढून तो परत गेला तेव्हा बुंध्याला नुसतं जॅकेट लटकत होतं. बांधलेलं, बंद बकलांचं. आत माणूस नव्हता. माणूस पुढेही कोणाला सापडला नाही. तो कधी पडला ते दिसलंच नाही, असं डेस्मंडने पोलिसांना सांगितलं.

त्यानंतर डेस्मंड बोटीत बसला की पडद्यावर रेघ यायची. मग त्याच्या घरी, बाथरूममध्ये, रात्री, पंपाचा आवाज.

शामकांत ऐकत होता. त्याला वाह सेंगची दया आली, पण ती नंतर. आधी दुसरंच आठवलं.

"त्या दिवशी माझी मुलगी त्या खुर्चीत बसली," तो म्हणाला. "तू बघत होतास."

डेस्मंडने नजर उचलली नाही.

"बोलला का नाहीस?"

"आय थॉट... त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं की तो मला सोडेल."

शामकांत सांगतो की तोपर्यंत त्याने आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या क्षणी त्याच्या आत काहीतरी थंड झालं, इंजिन बंद केल्यावर होतं तसं.

उद्या बोटीवर ये आणि त्याची माफी माग, असं त्याने डेस्मंडला सांगितलं. डेस्मंड नाही म्हणाला. निहारिकाने त्याच्याकडे बघत श्वास आत घेतला आणि रोखला. दुकानात घड्याळाची टिकटिक तेवढी. अरुणाने तिला उराशी धरलं, रडत हाका मारल्या. चार मिनिटं डेस्मंड ते बघत होता. पोर अरुणाच्या हातात लुळी पडायच्या आत तो ओरडला की येतो, येतो म्हणून.

तिने श्वास सोडला.

"माफी मागितली की तो सोडेल ना?" डेस्मंडने हळूच विचारलं.

शामकांतला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत होतं.

"हो," तो म्हणाला.

रविवारी दुपारी डेस्मंड आला. संत्री, उदबत्त्या, जाळायचे सोनेरी कागद घेऊन. ओहोटी होती. जेटीशी पाणी कमरेइतकंच. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. अरुणा आणि निहारिका जेटीच्या बाकावर. बोटीची दोरी शामकांतच्या हातात.

डेस्मंड बराच वेळ उतारावर उभा राहिला. मग बोटीत उतरला, उजव्या खुर्चीत बसला, संत्री झाकणावर मांडली, उदबत्त्या लावल्या. त्याच्या भाषेत तो काहीतरी बोलू लागला. आधी पुटपुटत, मग रडत.

त्या दिवशी एकही कावळा नव्हता. कठडा रिकामा. झाडं रिकामी.

बोटीची डावी बाजू खाली जाऊ लागली.

हळूहळू. कोणीतरी काठ धरून वर चढत असावं तशी...

डावीकडची खुर्ची थोडी फिरली. डेस्मंडच्या दिशेने.

घुर्रर्र.

डेस्मंड बोलायचा थांबला. त्याने शामकांतकडे बघितलं, हात पुढे केला.

"अहो," अरुणा म्हणाली. "दोरी ओढा."

दोरी हातात होती. दोन हिसके दिले असते तर बोट जेटीला लागली असती.

शामकांतने दोरी ओढली नाही.

"अहो, ऐकताय ना? ओढा ना..."

तेवढ्यात निहारिकाने श्वास सोडला. लांब, खूप लांब, कितीतरी दिवस कोंडून ठेवल्यासारखा. शामकांतने मान वळवून तिच्याकडे बघितलं. फक्त तेवढंच.

परत बघतो तर उजवी खुर्ची रिकामी.

पाणी उडालं नव्हतं. हाक आली नव्हती. पाण्यावर एक तरंग नव्हता. उदबत्त्या जळत होत्या, पंप बंद होता, बोट दोन्ही बाजूंनी सारखी तरंगत होती.

शामकांतने घड्याळ बघितलं. सव्वापाच.

तो कपड्यांसकट पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात पायांनी, हातांनी तळ चाचपत राहिला. मग पोलीस आले, पाणबुडे आले. अंधार पडेपर्यंत शोधलं. काही नाही. डेस्मंडची गाडी उतारावर उभी होती, किल्ल्या आत. शामकांतने जे दिसलं ते सांगितलं. दोरीबद्दल त्याला कोणी विचारलं नाही.

त्या रात्री निहारिका अरुणाच्या कुशीत झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. अरुणा पहाटेपर्यंत तिच्या छातीवर हात ठेवून बसली. त्यानंतर पोरीने कधी श्वास रोखला नाही. तिला त्यातलं काही आठवत नाही. आज ती माझ्यापेक्षा चांगली पोहते.

सोमवारी सकाळी पोलिसांचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता. डेस्मंड सापडला होता.

मलेशियात. त्या तळ्यात. जाळी काढायला गेलेल्या एका कोळ्याला तो रविवारी संध्याकाळी, सात वाजायच्या सुमाराला दिसला. बुंध्यांच्या मधे, गळ्याइतक्या पाण्यात, उभ्यानेच मेलेला. दोन्ही हातांनी एक बुंधा घट्ट धरलेला. हात सोडवायला दोन माणसं लागली. अंगावर कपडे तेच. खिशात लायसन्स. पासपोर्ट त्याच्या सिंगापूरच्या घरी, कपाटात मिळाला. सरहद्दीवर त्या दिवशी त्याच्या नावाची नोंद नव्हती.

पोलीस शामकांतकडे दोनदा येऊन गेले. वेळ चुकीची सांगितली असेल, माणूस दुसराच असेल, असं काही निघतंय का ते बघत होते. निघालं नाही. मग यायचे थांबले.

बोट शामकांतने यार्डात नेऊन स्वतः कापली. टाकीसकट.

मी त्याला एकदा विचारलं की दोरी का नाही ओढली. मामाने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला मूल झालं की विचार." मला मूल झालं. मी पुन्हा विचारलेलं नाही. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. ज्याचं माप घेता येतं त्यावर माझा भरवसा. या गोष्टीत माप घेता येण्यासारखं एकच होतं, आणि ते शामकांतने डिसेंबरात घेतलं.

अरुणाला घेऊन तो सकाळी गाडीने निघाला. सेम्बावांगच्या त्या उतारावर त्याने गाडीचा मीटर शून्यावर आणला. जवळचा रस्ता धरला, कुठे वाट चुकला नाही, वाकडा गेला नाही. संध्याकाळी तळ्याच्या काठाशी, जिथून ते बुंधे दिसतात तिथे, रस्ता संपला. त्याने गाडी थांबवून मीटर बघितला.

चारशे एकतीस किलोमीटर.